सुषिर वाद्यांच्या दंतकथा

ज्या कलेंत मनुष्याचा श्वासच नादरूप होऊन बाहेर पडतो, त्या कलेभोंवतीं अद्भुत कथांचें जाळें विणलें जावें यांत नवल तें काय? वीणेची तार कंप पावतांना दिसते, मृदंगावर पडणारी थाप दिसते. परंतु बांसरींत शिरणारा वारा कोणास दिसत नाहीं, आणि सनईवाल्याच्या मुखांत जिव्हेची व ओठांची काय हालचाल चालते हें त्याच्या शेजारीं बसणाऱ्यासहि कळत नाहीं. जें डोळ्यांस दिसत नाहीं तेथें कल्पना धांव घेते. पोकळ नळींत फुंकून वाजवावयाच्या वाद्यांस आपल्या संगीतशास्त्रकारांनीं सुषिर वाद्यें असें नांव दिलें आहे. बांसरी, सनई, पुंगी, तशींच पाश्चात्यांचीं क्लॅरिनेट व सॅक्सोफोन हीं सर्व याच कुळांतलीं. या वाद्यांच्या वादकांजवळ गोष्टींचा जो सांठा असतो तो खरोखर ऐकण्याजोगा असतो. लग्नघरीं मुहूर्तास अवकाश असला, वाजंत्री मांडवाच्या कडेला वाद्यें मांडीवर घेऊन बसले आणि चहाचे पेले आले, कीं या सांठ्याचें दार उघडतें. आमच्या शाळेच्या बँडपथकांतहि तालमीच्या मधल्या सुटींत हेंच चालतें.

या गोष्टी ऐकणाऱ्यांचे दोन वर्ग आम्हांस आढळले आहेत. एक वर्ग सर्व कांहीं खरें मानून तोंडांत बोट घालतो. दुसरा सर्व कांहीं थाप समजून हंसतो. आम्ही या दोहोंपैकीं कोणत्याहि वर्गांत बसत नाहीं. आमचें म्हणणें असें कीं, वादकांची दंतकथा ही नारळासारखी असते. तिचें करवंट खाणारा मूर्ख, आणि करवंट पाहून नारळ फेंकून देणाराहि मूर्ख. प्रत्येक कथेच्या आंत कोणाच्या तरी हाताचें, ओठांचें किंवा बुद्धीचें दीर्घ श्रम दडलेले असतात. ते श्रम जी कथा दाखविते ती सांगावी. जी झांकते तिला दोन प्रश्न विचारावे.

प्रथम सर्वांत प्रसिद्ध कथा घेऊं. ती चिंचेची. वरात ऐन रंगांत आलेली असते, सनई घुमत असते. इतक्यांत एक खोडकर पोर वादकासमोर उभें राहून चिंच चोखूं लागतें. वादकाच्या तोंडास पाणी सुटतें, पत्ती भिजते, सनई गप्प होते, आणि वरपक्षाची फजिती होते. हीच कथा युरोपांत लिंबू हातीं घेऊन तेथील बँडवाल्यांमध्यें हिंडत असते. या कथेंत सत्य किती? आंबट पदार्थ दिसतांच लाळ सुटते हें कोणासहि अनुभवानें ठाऊक आहे. पाचक रसांच्या अभ्यासाबद्दल १९०४ सालीं नोबेल पारितोषिक मिळविणारे रशियन शास्त्रज्ञ पाव्हलोव्ह यांनीं लाळेच्या याच स्वभावाचा पुढें सखोल विचार केला. परंतु जो सनईवाला धूळ, धूर आणि गर्दी यांतून दोन दोन घटका चालत वाजवितो, तो एका चिंचेनें हात टेंकील हें संभवत नाहीं. तो लाळ गिळतो आणि पुढें चालतो. मग कथेचा गर काय? तो असा कीं, सनईचा प्राण तिच्या पत्तींत आहे. ती कोरडी असली तर बोलत नाहीं, आणि फार भिजली तर बरळते. म्हणून वाजविण्यापूर्वीं वादक ती तोंडांत धरून बेताची ओलसर करून घेतो. चिंचेची कथा ऐकून जो केवळ हंसला त्याला गंमत मिळाली. ज्यानें पत्तीची ही तऱ्हा त्यांतून उचलली त्याला विद्या मिळाली.

दुसरी कथा श्वासाची. अमक्या गांवचा अमका वादक वेशीपासून देवळापर्यंत एकदांहि श्वास न घेतां वाजवीत गेला, अशी कथा ज्या गांवीं नाहीं असें गांव विरळा. कोणी म्हणतो त्याला योग साधला होता. कोणी म्हणतो त्याच्या छातींत वाऱ्याचा एक कोठा जास्त होता. आश्चर्य असें कीं, यांतील चमत्कार खरा आहे आणि कारणें तेवढीं खोटीं आहेत. १९९७ सालीं न्यूयॉर्क येथें केनी जी या अमेरिकन वादकानें सॅक्सोफोनवर एकच स्वर ४५ मिनिटें ४७ सेकंद अखंड धरला, आणि त्याची नोंद गिनेसच्या विक्रमग्रंथांत झाली. त्याच्या छातींत जास्तीचा कोठा नव्हता. गालांत थोडी हवा सांठवावयाची, गाल दाबून ती वाद्यांत सोडावयाची, आणि तेवढ्याच क्षणांत नाकानें नवा श्वास घ्यावयाचा, ही ती युक्ति. सनईच्या संचांत जो दुसरा वादक केवळ आधाराचा सूर धरून बसतो, ज्याच्याकडे मांडवांतील कोणी ढुंकूनहि पाहत नाहीं, तो ही युक्ति रोज तासन्‌तास करीत असतो. पुंगीवाल्या गारुड्यासहि ती साधलेली असते. पाण्यानें भरलेल्या पेल्यांत एक पोकळ काडी बुडवून बुडबुडे न थांबवितां श्वास घेण्याचा सराव केला तर आमच्या वाचकांपैकीं कोणासहि कांहीं आठवड्यांत तिची ओळख होईल.

येथें एका प्राचीन ग्रीक कथेची आठवण होते. अथेना देवीनें आउलोस नांवाचें जोडनळीचें वाद्य वाजविलें. परंतु वाजवितांना आपले गाल फुगून चेहरा कुरूप होतो असें दिसतांच तिनें तें फेंकून दिलें. तें मार्सियास नांवाच्या वनचराच्या हातीं लागलें. त्यानें अपोलो देवाशीं स्पर्धा मांडली, तो हरला, आणि शिक्षा म्हणून त्याची कातडी सोलण्यांत आली. जे फुगलेले गाल देवीला लाजिरवाणे वाटले, तेच तर या वादनाचें भांडार! ग्रीक वादक गालांभोंवतीं चामड्याचा पट्टा बांधीत, हें त्यांच्या मृत्पात्रांवरील चित्रांत दिसतें. अखंड श्वासाची युक्ति त्यांनाहि ठाऊक असावी असा अभ्यासकांचा तर्क आहे. उच्चासनावर बसलेल्यांनीं हंसावें आणि फुंकणाऱ्यानें सोसावें, हा प्रकार कांहीं आपल्याच देशांतला नव्हे.

तिसरी कथा धातूची. सोन्याची बांसरी वाजविली तर सूर सोन्यासारखा निघतो, चांदीची वाजविली तर चांदण्यासारखा, असें पाश्चात्य वादक परस्परांस गंभीरपणें सांगतात. जॉर्ज बारेर या वादकाच्या प्लॅटिनमच्या बांसरीकरितां एडगार व्हारेझ या रचनाकारानें १९३६ सालीं एक रचना केली, आणि प्लॅटिनमची घनता तीच तिचें नांव ठेविलें: घनता २१.५. पुढें १९७१ सालीं अमेरिकेंतील पदार्थशास्त्रज्ञ जॉन कोल्टमन यांनीं चांदी, तांबें व लाकूड यांच्या, परंतु आंतील घडण एकसारखी असलेल्या बांसऱ्या करविल्या, आणि कोणती बांसरी कोणती हें दिसूं न देतां त्यांची परीक्षा लाविली. ऐकणाऱ्यांस त्या ओळखतां आल्या नाहींत. वाजविणाऱ्यांसहि आल्या नाहींत. नाद निघतो तो नळीच्या आंतील हवेच्या स्तंभांतून. तो कसा निघावा हें ठरवितें नळीचें पोट, छिद्रांचें स्थान व फुंकरीच्या छिद्राची कड. सोन्याची बांसरी गोड वाजते ती बहुधा एवढ्याचसाठीं कीं, सोन्यासारखें मोलाचें द्रव्य कोणी अडाणी कारागिराच्या हातीं देत नाहीं!

आपल्याकडे हीच कथा वेळूची होते. बांसरीचा वेळू अमावास्येच्या रात्रीं, कोणाशीं न बोलतां तोडला पाहिजे, असें सांगणारे आम्हांस भेटले आहेत. यांतहि गर आहे. पावसाळा संपल्यावर थंडीच्या दिवसांत तोडलेल्या वेळूंत पिष्टाचा अंश कमी असतो, म्हणून त्यास भुंगेरा कमी लागतो. आणि तोडल्यावर तो सावलींत दीर्घकाळ वाळूं द्यावा लागतो. वेळूची पारख करणाऱ्या कारागिरांचें हें ज्ञान कथेनें अमावास्येच्या पदराआड झांकून टाकलें आहे. आणि त्याचा परिणाम? गरीब मुलगा जत्रेंत घेतलेल्या आपल्या साध्या बांसरीकडे पाहून म्हणतो, "माझा वेळूच मंत्राचा नाहीं, मग सूर कोठून निघणार?" आणि तो ती खुंटीला टांगून ठेवतो.

आतां जी कथा आम्हांस लेखणी हातीं घ्यावयास कारण झाली ती सांगतों. १९११ सालीं बारिसाल येथें जन्मलेले पन्नालाल घोष यांनीं बांसरीला रागसंगीताच्या मैफलींत मानाचें आसन मिळवून दिलें हें सर्वश्रुत आहे. खर्जाचा गंभीर सूर मिळावा म्हणून त्यांनीं सुमारें ३२ इंच लांबीची मोठी बांसरी सिद्ध केली. ते १९६० सालीं निवर्तले. परंतु बांसरी शिकणाऱ्यांमध्यें अजूनहि एक गोष्ट कुजबुजली जाते. ती अशी कीं, त्या मोठ्या बांसरीच्या छिद्रांवर बोटें पोंचावीं म्हणून त्यांनीं बोटांमधील कातडी शस्त्रानें कापून घेतली होती. गेल्या वर्षीं आमच्या पथकांतील एका मुलानें ही गोष्ट ऐकली. त्याचे हात लहान, पण उमेद मोठी. त्यानें कोणासहि न सांगतां मोठी बांसरी पैदा केली, आणि शस्त्राचें धाडस नाहीं म्हणून रात्रीं निजतांना बोटांच्या बेचक्यांत लांकडी खुंट्या घालून वर कापड बांधूं लागला. पंधरवड्यांत त्याचा डावा हात सुजला, पेन्सिलहि धरवेना. दीड महिना त्याला बांसरीपासून व वहीपासूनहि दूर राहावें लागलें. वार्षिक संमेलनांत तो श्रोत्यांत बसला होता, आणि त्याची जागा रिकामी होती.

त्या मुलास कोणी हें कां सांगितलें नाहीं कीं, मोठ्या बांसरीचीं छिद्रें बोटांच्या शेंड्यांनीं झांकावयाचीं नसून पेऱ्यांच्या सपाट भागानें झांकावयाचीं असतात? मनगट व खांदा सैल ठेवला म्हणजे पंजा आपोआप उघडतो, आणि लहान हाताच्या मुलानें लहान बांसरीपासून आरंभ करून वर्षावर्षानें वाढत्या मापाची घ्यावयाची असते, हें त्याच्या कानीं कां पडलें नाहीं? कारण उघड आहे. शस्त्राची गोष्ट एका मिनिटांत सांगून होते व ऐकणाऱ्याचे डोळे विस्फारतात. पंजाची गोष्ट शिकविण्यास वर्षें लागतात, आणि ती ऐकून कोणी तोंडांत बोट घालीत नाहीं. त्या थोर वादकावरहि ही कथा अन्यायच करिते. ज्यानें बुद्धीनें वाद्याचें माप बदललें आणि रियाजानें हात घडविला, त्याचें सारें श्रेय ती एका अनामिक शस्त्रवैद्याच्या सुरीला देऊन टाकते.

याच्या उलट श्रम दाखविणारी कथा कशी असते, याचें उदाहरण उस्ताद बिस्मिल्ला खां यांच्या चरित्रांत आहे. बालपणीं काशीच्या बालाजी मंदिरांत एकटे रियाज करीत असतां आपणांस दिव्य दर्शन घडलें, आणि तें आपण मामांस सांगतांच त्यांनीं, असें कांहीं दिसलें तर कोणापाशीं बोलूं नये, अशी ताकीद दिली, असें ते स्वतः सांगत. त्या दर्शनाचा निवाडा करण्याचा आमचा अधिकार नाहीं. परंतु या कथेंत काय काय आहे तें पाहा. रोज ठराविक वेळीं मंदिराच्या एकांतांत बसणारा मुलगा आहे. त्याला तेथें बसविणारा गुरु आहे. चमत्काराचा डंका पिटूं नको, वाजवीत राहा, ही शिकवण आहे. १९४७ सालीं स्वातंत्र्याच्या प्रसंगीं लाल किल्ल्यावर ज्यांची शहनाई निनादली, आणि ज्यांस २००१ सालीं भारतरत्न ही पदवी मिळाली, त्यांच्या यशाचें बीज त्या रियाजांत होतें हें ही कथा लपवीत नाहीं. अशी कथा शंभर वेळां सांगावी.

आणखी एका जातीच्या कथेचा विचार करणें अवश्य आहे. ती राजांची. औरंगजेबास पुंगीचा कर्कश आवाज सहन होईना, म्हणून त्यानें तिला दरबारांतून हांकलून दिलें. पुढें एका न्हाव्यानें तिच्यांत सुधारणा करून ती बादशहास ऐकविली, आणि शाह व नाई या दोन शब्दांवरून 'शहनाई' झाली, अशी ही कथा आहे. कालगणना तिच्या विरुद्ध साक्ष देते. अकबराच्या नगारखान्याचें वर्णन करतांना अबुल फजलानें आईने-अकबरींत इराणी व हिंदी अशा दोन्ही प्रकारच्या सुरना सांगितल्या असून नऊ सुरना एकत्र वाजत असें लिहून ठेविलें आहे. अकबर १६०५ सालीं वारला. औरंगजेब १६५८ सालीं तख्तावर बसला. शिवाय तुर्कांचा झुरना आणि चिन्यांचा सुओना हे शहनाईचे सख्खे नातलग आहेत. त्यांना कोणत्या न्हाव्यानें सुधारलें? तरीसुद्धां या कथेंत एक कण खरा आहे. वाद्य सुधारणारा मनुष्य तिच्यांत दरबारी पंडित नसून हातानें काम करून पोट भरणारा आहे. आपल्या महाराष्ट्रांत गुरव, घडशी, न्हावी अशा समाजांनींच सनई पिढ्यान्‌पिढ्या जतन केली. मात्र कथेनें शहाचें नांव राखलें. त्या न्हाव्याचें नांव कोणी विचारलेंहि नाहीं. सोलापूरच्या जाधव घराण्यानें जोपासलेली लहानशी सनई, तिला 'सुंदरी' हें नांव अक्कलकोटच्या राजेसाहेबांनीं दिलें असें सांगतात. तेथेंहि कथेचा शिरपेंच राजाकडेच गेला. सुदैवानें वाजविणाऱ्या कुळाचें नांव तरी टिकलें.

सॅक्सोफोनचा जनक अडोल्फ साक्स याचीहि अशीच गत झाली आहे. १८१४ सालीं बेल्जममधील दिनां गांवीं जन्मलेल्या या कारागिराविषयीं वादक मोठ्या आवडीनें सांगतात कीं, लहानपणीं तो मजल्यावरून पडला, टांचणी गिळला, विषारी पाणी दूध समजून प्याला, नदींत बुडतां बुडतां वांचला. शेजारीपाजारी त्याला भूतच म्हणत. या अपघातांची यादी प्रत्येक सांगणाऱ्यागणिक वाढते. पण १८४६ सालीं सॅक्सोफोनची सनद मिळाल्यावर प्रतिस्पर्धी कारखानदारांनीं त्याला वर्षानुवर्षें कोर्टकचेऱ्यांत कसें ओढलें, एकाहून अधिक वेळां त्याचें दिवाळें कसें निघालें, आणि १८९४ सालीं तो दारिद्र्यांत कसा मेला, हें कितीजण सांगतात? टांचणी गिळणारें पोर लक्षांत राहिलें. उपेक्षा गिळणारा कारागीर विसरला गेला.

आतां आमचे कांहीं मित्र विचारतील, "इतका न्यायनिवाडा कशाला? गोष्ट ही गोष्ट आहे. हंसावें आणि सोडून द्यावें." हा आक्षेप अगदींच टाकाऊ नाहीं. लग्नाच्या मंगल सोहळ्यास ज्याच्या सनईवांचून आरंभ होत नाहीं, त्याला पूर्वीं मांडवाच्या आंत बसावयास जागा नसे, आणि पंगत उठल्यावर त्याचें पान मांडलें जाई. त्याचें चरित्र कोणी लिहिलें नाहीं, त्याच्या गुरूची वंशावळ कोणी छापली नाहीं. अशा मनुष्यानें रात्रीं शेकोटीशीं बसून, "माझा आजा वेशीपासून देवळापर्यंत एका श्वासांत वाजवीत गेला," असें म्हटलें, तर ती थाप नव्हे. तो त्याचा इतिहास आहे. दुसरा इतिहास आपण त्याला दिलाच कोठें? म्हणून या कथा मारून टाकाव्या असें आम्ही स्वप्नांतहि म्हणणार नाहीं. आम्ही एवढेंच म्हणतों कीं, कथा ऐकून झाल्यावर सांगणाऱ्यास दोन प्रश्न आदरानें विचारावे. पहिला: "हें साधावयास काय करावें लागतें?" दुसरा: "तें करणाराचें नांव काय?" पहिल्या प्रश्नानें विद्या हातीं येते, दुसऱ्यानें ऋण फिटतें.

विद्यार्थिबंधूंनो, येत्या सुटींत तुम्ही गांवीं जाल, आणि लग्नसराईत सनईचा सूर कानीं पडेल. त्या वेळीं चिंच घेऊन समोर उभे राहूं नका. वाजवून दमलेला तो मनुष्य खालीं बसला म्हणजे त्याच्या शेजारीं जाऊन बसा. त्याची अद्भुत कथा पुरती ऐका, आणि वहींत उतरून घ्या. मग त्याला त्याचें नांव, त्याच्या गुरूचें नांव, सनई कोणी घडविली व पत्ती कोणी बांधली, हेंहि विचारून त्याच पानावर लिहा. अशीं पानें पुढील अंकासाठीं येतील तर आम्ही संपादकांपाशीं त्यांच्यासाठीं जागा मागूं.

ज्याचा हात सुजला होता तो आमचा मित्र आतां लहान बांसरी वाजवितो. परवां त्यानें तालमींत एक स्वर बराच वेळ स्थिर धरला. तालीम संपल्यावर एका धाकट्या मुलानें त्याला विचारलें, "दादा, तुला हें कोणत्या मंत्रानें साधलें?" त्यानें कोणतीहि गोष्ट रचली नाहीं. त्यानें पाण्याचा एक पेला व एक पोकळ काडी त्या मुलाच्या हातीं दिली.